बाकी तेवीस

तोंडवळीला रापण ओढून झाली होती.
वाळूवर बांगडा, निळाकाळा, अजून थरथरणारा.
गुणाजी मेतर मोजत होते, दर हातात दोन,
चारांचा एक फेरा,
पंचवीस फेऱ्यांना एक शिंपला.
पहिल्या फेऱ्याला ‘एक’ नाही म्हणायचं, ‘लाभ’ म्हणायचं.
शिंपले सांभाळायला मी. वय अकरा.

शंभर शिंपले झाले आणि वर दोन फेरे.
दहा हजार आठ.
वाटेकरी चोवीस.
मेतरांनी ओल्या वाळूवर बोटाने भागाकार केला:
प्रत्येकी चारशे सतरा, खाली शून्य.
इतकं सुबक शून्य
की लाट तिथवर आली आणि मागे फिरली.

रिवाज असा, की भागून उरेल ते
ज्याचा वाटा नाही त्याचं.
त्या वर्षी तशी एकटी आवडूकाकी.
होडी सापडली होती, माणूस नव्हता,
आणि हंगाम सुरू होताना यादीतलं नाव खोडलं होतं.
टोपली पालथी घालून ती तिच्यावरच बसलेली,
जणू काही न्यायला आलीच नव्हती.
शून्य पाहून उठली. लुगड्याची वाळू झाडली.

माझ्या पायाशी एक बांगडा होता.
तो पाण्यात गेला. कसा, ते मी सांगणार नाही.
‘एक कमी आसा,’ मी ओरडले,
‘समुद्रान परत घेतल्यान!’

मेतरांनी माझ्याकडे पाहिलं.
पुन्हा मोजलं नाही.
शून्य तळव्याने पुसलं.
चारशे सोळा. बाकी तेवीस.

पुढे रत्नागिरीच्या वसतिगृहात, झोप येईना तेव्हा,
मी दहा हजार सात भागत बसले.
वर्गमूळ शंभराच्या केसभर वर,
म्हणजे शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या पुरे.
पंचवीस आसांचं जाळं टाकलं.
तिनाने दोन उरले. सातने चार.
एक्केचाळीसने तीन, एकसष्टनेही तीन,
सत्त्याण्णवने सोळा.
एकाही आसात अडकला नाही.

म्हणजे वाटेकरी चोवीसच हवे होते असं नाही.
बावीस असते, तीस असते, दीडशे असते,
तरी काहीतरी उरलंच असतं.
अपवाद दोन: सगळं एकाच मालकाचं,
किंवा दहा हजार सात माणसं, प्रत्येकी एक बांगडा,
आणि मग वाटा नसलेलं कोण राहणार?

त्याच्यापासून दोन पावलांवर दहा हजार नऊ,
तीही मूळ संख्या. जुळी म्हणतात त्यांना.
पण तिची मांडणी होते:
शंभर रांगांत शंभर, असा मोठा चौक,
शेजारी तीन गुणिले तीन, छोटासा.
सातवाल्याला दोन चौकांतही बसता येत नाही,
चाराने भागून तीन उरतात ना, म्हणून.
दोघांच्या मधे आठ,
येईल त्याला भाग देणारा, गरीब.

मेतर गेले त्या साली त्यांच्या लेकीने
रापणीची वही माझ्या हातात दिली.
कार्तिकातलं ते पान शोधलं.
आठ खोडून सात केलेला, हे ठाऊकच होतं.
पण त्याखाली पुढच्या आठवड्याची ओढ,
त्याखाली तिच्यापुढची,
आणि दर आकड्याचा शेवटचा अंक
खोडून
एकाने कमी.