टायर थंड होईपर्यंत

डांबर माझ्या दारापाशी संपतं.
पुढे खडी, एकशे वीस किलोमीटर,
आणि वारा. तो दोन्हीकडे.
त्यामुळे माझ्या दुकानात कामं दोनच :
दक्षिणेला निघालेल्यांची हवा काढायची,
तिकडून आलेल्यांची भरायची.
एकाची काढलेली दुसऱ्याला, असं माझा भाऊ म्हणायचा.
पैसे मात्र दोघांकडून घ्यायचा.

सगळ्यांना आकडा हवा असतो.
हेल्मेट निघायच्या आधी आकडा.
किती ठेवू, नेलिदा? छत्तीस? बेचाळीस?
जणू मी तो कॉम्प्रेसरमागे दडवून ठेवलाय.
मी विचारते, वजन किती? सामान कुठे बांधलंय?
की चेहरे असे होतात,
डॉक्टरने दारूचं विचारल्यासारखे.

मार्चमध्ये बाइया ब्लांकाहून दोघं आली.
एवारिस्तो, बंदरावर धान्याचे काटे तपासण्यात
उभा जन्म गेलेला.
स्वतःचं गेज चष्म्याच्या घरात, मखमलीत.
मागे एल्विरा.
उतरली ती सरळ माझ्या कुत्र्याशी बोलायला गेली.
चारशे किलोमीटरांत पहिलं बोलणं असावं.

मागच्या चाकात अठ्ठेचाळीस पौंड.
"पुस्तकात बेचाळीस," तो म्हणाला,
"सहा काढा, वर खडीचे दहा."
मी म्हटलं, आत्ता काही काढणार नाही.
उन्हातून धावत आलेलं चाक
वाढवून सांगतं.
त्याचं ऐकून हवा सोडलीस
तर रात्री गारठ्यात रिम दगडावर बसेल.
"मग किती थांबू?"
हात लावून बघत राहा.

बाकावर बसली दोघं, मध्ये एका माणसाची जागा.
दोघंही फुगलेली.

मी माते केला.
आमच्यात पेला दर वेळी ओतणारीकडेच परत येतो,
म्हणून त्यांना एकमेकांकडे बघावं लागलं नाही.
तो, मी. ती, मी. तो.
पत्रा वाजत होता.
कुंपणापलीकडे एक गुआनाको उभा राहिला, कंटाळून गेला.
एवारिस्तो दर दहा मिनिटांनी उठून
टायरला हात लावायचा,
तापातल्या पोराला लावावा तसा.

चौथ्या फेरीला एल्विरा उठली.
डाव्या पेटीतून मोजे काढले, गाठ मारलेले,
आणि मोज्यांतून दगड.
एक, मग एक, मग बाकभर.
हिरवट, भोकाभोकाचे, एक अगदी पावासारखा.
दहा दिवस हा माणूस
मागचं चाक बसतंय म्हणून पंपांना शिव्या देत होता.
मी किटली घट्ट धरली.

त्याने पावासारखा उचलला,
तळहातावर जरा झुलवला.
"सातशे चाळीस."
"सातशे," ती म्हणाली.
मी आतून पिठाचा काटा आणला.
सातशे पस्तीस.
मग दुसरा. मग तिसरा. मला कोणी विचारेना.
"हा कुठला?"
"तू रस्ता चुकलास तिथला."
"आणि हा?"
"तू कबूल केलंस तिथला."
सगळे मिळून अकरा किलो आणि थोडं.

म्हटलं, इथे ठेवून जा, परतताना न्या.
दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी गेज हातात घेतलं.

चाक एव्हाना गार.
त्रेचाळीस दाखवलं, म्हणजे खरं बोलायला लागलं होतं.
खडीला बत्तीस केले असते, दगडांचे दोन वर.
पुढे अठ्ठावीस.
तो मखमलीतलं गेज काढून पडताळायला वाकला,
आणि एल्विराने माझ्या हातची किटली घेऊन
त्याचा पेला स्वतः भरला.
पाणी निवलं होतं. तरी प्यायला.

पैसे मी निम्मेच सांगितले.
उरलेल्यांत तिने भोकाचा दगड ठेवला.
पावत्यांवर असतो तो आता.
वारा आहे ना इथे.