निरंक

टिकेकरवाडीच्या पुढं, होटगीच्या अलीकडं
भराव दोन पुरुष उंच आहे, काळ्या मातीचा.
उन्हाळ्यात ही माती अशी फाटते
की भेगेत कोपरापर्यंत हात जातो.
माझा गेला होता. घड्याळ तिथंच राहिलं.
आणि हस्ताचं पाणी पिऊन अशी फुगते
की रूळ, खडी, स्लीपर सगळं अंगावर घेऊन
कूस बदलते.
वरून दिसत नाही काही.
चार मिलिमीटर म्हणजे मालदांडीचा एक दाणा.
तेवढा पकडायचा मला पगार मिळतो.

सव्वादोन किलोमीटर केबल पुरली आम्ही,
तिच्या पोटात केसाएवढी काच,
काचेतून उजेड जातो
आणि माती सरकली की उजेड अडखळतो.
नायना सत्तावीस वर्षं अशोक चौकात टॉवेलच्या मागावर.
म्हणाले, यात नवीन ते काय?
बाणा तुटला की काटा पडतो, माग थांबतो.
मी म्हटलं, तुमचा माग थांबला तर एक टॉवेल अडतो,
इथं गाडी अडली की वाडीपर्यंत फोन वाजतात.
त्यांनी बोटाचं तेल लुंगीला पुसलं.
शेठचा पण फोन यायचा की.

वाजलेच फोन.
जूनपासून एकेचाळीस इशारे.
नऊ वेळा मेहबूबच्या शेळ्या,
दोनदा जेसीबी,
एकदा नुसतं ऊन, केबलच तापून लांबली.
बाकीचे कशाचे, मला अजून ठाऊक नाही.
कंट्रोलचे डोईजोडे साहेब म्हणाले,
मॅडम, तुमचं यंत्र फार भित्रं आहे.
मी मर्यादा चारची सहा केली.
एक आकडा खोडला, दुसरा लिहिला.
कुणी सही मागितली नाही.

त्या रात्री दोन चाळीसला पडद्यावरची रेघ
चढत चढत पाच पूर्णांक एकला आली
आणि तिथं बसून राहिली.
यंत्र गप्प. मीच गप्प केलेलं.
मी चहाचा कप खाली ठेवला नाही, प्यायलाही नाही.
तेवढ्यात रेवणसिद्धचा फोन, गस्तीवरून,
पावसात आवाज तुटत तुटत:
मॅडम, मोरीतनं पाणी यायचं बंद झालंय बघा.
मला वाटलं, बरं झालं.
तो म्हणाला, बरं कुठलं? वरनं तर धो धो जातंय आत.
मग ते राहतंय कुठं?

मी डोईजोडे साहेबांना उठवलं.
ते शिव्या देत उठले,
पण उठले, हे लिहून ठेवायला हवं.
मागून येणारी एक्सप्रेस
विसाच्या वेगानं काढायची ठरली.
रेवणसिद्ध मोरीच्या अलीकडं लाल दिवा धरून उभा,
आधी थांबवली, मग हळूहळू सोडली.
सतरा डबे, त्याने मोजले.
कलबुर्गीला निघालेला कुणीतरी खिडकीपाशी जागा झाला असेल,
कुठं थांबलं हे, म्हणाला असेल,
कूस बदलून झोपला असेल.

उजाडल्यावर भराव खोदला.
मोरीच्या तोंडाशी चिखल आणि बाभळीच्या फांद्या,
मागं पोकळी, एक म्हैस बसेल एवढी,
आत पाणी, शांत, चहाच्या रंगाचं.
रेवणसिद्धनं त्यात बॅटरी मारली
आणि खिशातली तंबाखू काढायची विसरला.
गाडीखाली गेलं असतं का?
गेलं असतं, असं तो म्हणतो.
मला सिद्ध करता येत नाही.
गणित सांगतं: कदाचित.

महिन्याच्या तक्त्यात एक रकाना आहे: अपघात.
त्यात मी लिहिलं, निरंक.
पुढं शेऱ्याचा रकाना, दोन बोटांचा.
त्यात म्हैस मावत नाही.

मर्यादा परत चार केली.
या खेपेला सही मीच मागून घेतली.
काल दुपारी बेचाळिसावा इशारा.
डोईजोडे साहेबांचा फोन: आता काय?
मी म्हटलं, शेळ्या असतील.
असतील?
बघायला माणूस गेलाय, साहेब.
तोवर गाडी हळू काढा.