अडकलेला मध्यम

रेकॉर्डिंगच्या आधी फ्रिज बंद करते
आणि घराची किल्ली आत ठेवते, दह्याच्या भांड्याशेजारी.
बाहेर पडताना आठवण राहते.
दोनदा दूध नासलं, तेव्हापासून ही पद्धत.
शेजारच्या कुंदाताई किल्ली हातात घेऊन म्हणाल्या,
अगं, ही एवढी गार कशी?

मग पंखा. मग ट्यूबलाइट, तिचा चोक कुरकुरतो.
मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या लावून,
घामाने निथळत मी हेडफोन चढवते.
तरीही आहेच तो. पन्नास हर्ट्झ.
मंद्राच्याही तळाशी बसलेला,
आमच्या सोसायटीला धड अर्थिंग नाही
याचा एकमेव साक्षीदार.

पेटी भांडुपच्या एका भजनी मंडळाची.
भाता फाटलेला, सूर गंजलेले.
भंगारात चालली होती, सातशेला घेतली.
आतलं सगळं उपसून काढलं.
एकोणचाळीस पट्ट्या, प्रत्येकीखाली एक चिमुकला स्विच,
लॅमिंग्टन रोडच्या मन्सूरकडून, चक्क वजनावर.
"आपा, इतने का क्या करोगी?"
म्हटलं, हार्मोनियम.
तो हसला, आणि मूठभर जास्तीचे टाकले.

अठ्ठ्याहत्तर सांधे.
हात अजून थरथरत नाही.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात गेली,
परेरासाहेब मागे उभे राहून सांगायचे :
सोल्डर चकाकलं पाहिजे.
मळकट दिसलं की समज, सांधा कच्चा.
आज बोलेल, गरज पडेल तेव्हा गप्प बसेल.

वरच्या मजल्यावरचा रेवंत बघून गेला.
"काकू, लेटन्सी किती?"
अकरा मिलिसेकंद.
"चालेल," म्हणाला, जसा मुलगी बघायला आलाय.
गांधार मी चौदा सेंट उतरवला होता.
त्याला बेसूर वाटला.
म्हटलं, सा धरून ठेवते, डोळे मीट.
त्याने मिटले.
त्या विषयावर पुढे काही बोलला नाही.

रविवारी रात्री पावणेदोनला
मध्यम अडकला.
बोट उचललं, पट्टी वर आली,
सूर मात्र चालूच.
मशीनला 'दाबली' कळलं,
'सोडली' पोचलंच नाही.

सगळे सूर एकदम गप्प करायचं बटण असतं.
मी ते दाबलं नाही.

एक्स्चेंजात अशा लाइनी सापडायच्या.
बोलणं संपलेलं,
रिसीव्हर खाली ठेवलेला नाही.
रात्रपाळीला एकदा चाचणीसाठी कान लावला,
नियमात बसेल तेवढाच वेळ,
मग जरा जास्त.
शिवडीचा नंबर.
कुणी बोलत नव्हतं.
एक पंखा होता, थोडा कलंडलेला,
दर फेऱ्याला टक्.
आणि खूप आत कुणीतरी
एकेक भांडं फळीवर लावत होतं.
वहीत लिहिलं : रिसीव्हर ऑफ, ग्राहक आढळला नाही.
खरं तर आढळला होता.

तीन वाजून गेल्यावर कारण सापडलं.
स्विच सुटताना एका झटक्यात सुटत नाही.
लागतो, सुटतो, परत लागतो,
दाराशी उभं राहून निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
आणि माझा प्रोग्रॅम भाबडा,
पहिल्याच हालचालीवर विश्वास ठेवणारा.
एक ओळ वाढवली :
पाच मिलिसेकंद थांब.
मग खरं मान.

मध्यम सुटला.
खालून पन्नास हर्ट्झ वर आला,
आपला नंबर लागल्यासारखा.

तेव्हा दिसलं, रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालूच होता.
एक तास बावीस मिनिटं.
त्यात मध्यम आहे, खुर्चीची करकर,
मी एकदा 'हं' म्हटलेलं,
आणि बंद फ्रिजमध्ये काहीतरी वितळून
पडलेला एक थेंब.
फाइलला नाव द्यायचं होतं.
शिवडीचा तो नंबर दिला.
शेवटचे दोन आकडे नक्की आठवत नाहीत,
अंदाजाने टाकले.

दुधाचं सकाळी बघू.