नावे बाजू

फॉर्मवर लिहिलं: प्रमोदिनी चुरी, वय एकसष्ट,
व्यवसाय निवृत्त. तक्रार…
इथे जरा अडले.
डावा गाल उजव्यापेक्षा मोठा झालाय,
हे लिहायचं कसं? मोठा म्हणजे वयानं.

माहीमला, चष्म्याच्या दुकानावर, तिसरा मजला.
डॉक्टर केणी माझ्या भाचीहून लहान.
तिने माझा चेहरा दिव्याखाली धरला
आणि बोटानं मधोमध रेघ ओढली,
कपाळापासून हनुवटीपर्यंत,
थेट आमच्या खतावणीसारखी.
उजवीकडे अजून बरीच शिल्लक.
डावीकडे डाग, जाळी,
डोळ्याच्या कोपऱ्यात ओहोटीची खाडी.
"कुठल्या खिडकीत बसायचात?" तिनं विचारलं.

गोदी. हिशेब खातं, दुसरा मजला.
चौतीस वर्षं.
"काच ऊन अडवते," ती म्हणाली, "पण सगळं नाही."

ती खिडकी मला कुणी दिली नव्हती.
दाभोळकरांशी भांडून घेतली, शहाऐंशी साली,
पंख्याखालची जागा सोडून.
सगळे म्हणाले, हिला काय झालं?
तिथून क्रेनचे गळे दिसायचे,
जहाजांची गंजलेली पोटं,
आणि दहा चाळीसला एक टग.
टगवरचा सारंग टोपी काढायचा.
एवढंच. काढायचा, परत घालायचा.
मी पेन उचलायचे.
सात वर्षं.
मग टग बदलला, सारंगही बदलला.
मी खुर्ची हलवली नाही.

हे डॉक्टरला सांगितलं नाही.
तिनं विचारलं, सनस्क्रीन लावायचात का,
मी म्हटलं, अगं तेव्हा आम्ही स्नो लावायचो,
तोही हळदीकुंकवाला.
ती हसली. हसताना तिच्या चेहऱ्यावर
एकही सुरकुती पडली नाही, हे मी पाहून ठेवलं.

खरं कारण तसं किरकोळ.
भाचीच्या लग्नात फोटोवाला म्हणाला,
"काकू, जरा वळा, उजवीकडून घेऊ."
आदबीनं म्हणाला.
दुसऱ्या आठवड्यात मी मुदत ठेव मोडली.
बेचाळीस हजार, तीन बैठका. पावती जपून ठेवलीय.

बधिर करायचं मलम, त्यावर प्लास्टिकचा कागद,
पाऊण तास मी फ्रीजमधल्या कालच्या भाजीसारखी.
डोळ्यांवर धातूच्या दोन वाट्या.
मग टक्. टक्. टक्.
रबरबँड ताणून सोडावा तसं,
आणि वास,
बोकडाचे पाय जाळावर धरले की येतो तो.
माझाच.

पाचव्या दिवशी गालांवर
कॉफीची पूड सांडल्यासारखं झालं.
दारावरची जमनी टोपली उतरवता उतरवता थबकली.
"काय गो बाय, तेल उडाला काय?"
हो म्हटलं, तेल.
तिच्या कपाळावर आडव्या सात रेघा, मी मोजल्या.
तिनं दोन बांगडे जास्त टाकले,
भाजलेल्या बाईला म्हणून.
ते मी घेतले. लाज वाटली, पण घेतले.

आता तिन्ही बैठका झाल्या.
आरशात दोन्ही रकाने सारखे,
पैपैचा ताळा.
भाची म्हणते, मावशी, दहा वर्षं उतरलीस.
उतरली तर खरी. पण गेली कुठे?
चौतीस वर्षांत मी एवढं शिकले,
पहिल्याच बेरजेला ताळेबंद जुळला
तर कुठेतरी कुणीतरी
ब्लेडनं हलकेच काही खरवडलेलं असतं.
कागद उजेडासमोर धरला की तिथे पातळ दिसतो.

म्हणून रोज सकाळी, आंघोळीनंतर,
बोट ठेवते डाव्या गालावर
आणि वरून खाली तपासत येते.
गुळगुळीत. गुळगुळीत. गुळगुळीत.
दहा चाळीसपाशी बोट थांबतं.
रक्कम आहे तिथे, मला ठाऊक आहे.
पण टाकायची कुणाच्या नावे?
नाव विचारायला हवं होतं.
मी तर नुसतं पेन उचलायचे.