वेलांटी

मनाउसच्या बंदरात एक भिंत आहे.
नदी दरवर्षी कुठवर चढली
ते तिच्यावर रंगवून ठेवतात.
रेघ, शेजारी साल. एवढंच.
कोणाचं काय बुडालं, ते नाही.

वाल्दिरेने त्या भिंतीजवळून रोज कामाला जाते.
तिचं काम वाचायचं.
एका नळीत तीसेक हजार अक्षरं,
मुळाक्षरं चारच,
ना परिच्छेद, ना पूर्णविराम.

पहिली लाट आली तेव्हा
लाल मातीत यंत्रानं चर खणले.
मग ओसरली. माणसं दारात खुर्च्या टाकून बसली.
मासळीवाला तिच्या आईला म्हणाला,
"आता मला होऊन गेलाय, दोना इराइल्डेस,
देवी आल्यासारखा. परत नाही यायचा."
आणि सुटे पैसे तिच्या तळहातावर मोजून ठेवले,
ओले, खवल्यांसकट.
शिकलेली माणसंही तेव्हा
बोटं मोडून साधारण हेच सांगत होती.

डिसेंबरात तेफेहून बोटी येतच होत्या.
खाली केळी, कसाव्याच्या पिठाची पोती,
वर झोळ्या, इतक्या दाट
की एक जण खोकला
तर अख्खी रांग हलायची.

एका सकाळी नळी आली.
पुरुष, एकोणसाठ. व्यवसाय: मासेविक्री.
शेरा: दुसऱ्यांदा.
नाव नळीवर लिहीत नाहीत.
वाचता वाचता ती अडखळली.
मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलं.
पुन्हा तेच. इथे एक अक्षर, तिथे एक,
कोणी फार घाईत उतरवून घेतल्यासारखं.

आपल्याकडे कसं आहे,
पाणि म्हणजे हात.
वेलांटी उचलून या काठावरून त्या काठावर ठेवली
की झालं पाणी.
हात धरता येतो, धुता येतो, खिशात घालता येतो.
पाण्याचं काय करणार?
वाल्दिरेनेला हे मला सांगता येणार नाही,
तिच्या लिपीत वेलांट्या नाहीत.
पण ती पडद्यासमोर बसून राहिली
ती हेच वाचत.

मग जानेवारी.
भाऊ ओझिएल सिलिंडर घेऊन
कारखान्याच्या फाटकापाशी रात्रभर उभा.
पुढच्या बाईनं सिलिंडरला
टॉवेल गुंडाळला होता, बाळाला गुंडाळतात तसा.
सकाळी फाटकातून कोणी तरी बाहेर आलं
आणि नुसतं हात हलवून आत गेलं.

तेव्हाच समुद्रापलीकडे, दुसऱ्या शहरात,
दुसरीच अक्षरं बदलली होती.
तिथली लाट तिथली होती,
तिची वेळ वेगळी, तिचा उतार वेगळा.
जगाच्या नकाशावर सगळं एकाच रंगात दाखवतात,
पण प्रत्येक खोऱ्याला
आपापला पूर येत होता.

इराइल्डेस वाचली.
मासा नाकाशी धरून विचारते,
"हा ताजा आहे का गं?"
मासे आता दुसरा कोणी विकतो.
वाल्दिरेनेनं त्या नळीचं आईला सांगितलं नाही.
तिलाही खात्री कुठे होती;
एकोणसाठीचे मासळीवाले
शहरात काय एकच असतो?

नव्या रूपाला नाव मिळालं:
एक अक्षर, एक टिंब, एक आकडा.

जूनमध्ये नदी खरोखर चढली,
बाजारात फळ्या टाकून चालावं लागलं.
भिंतीवर रेघ ओढायला आलेला माणूस नवा होता.
शिडी कुठे ठेवतात, रंग कुठला लावतात,
सगळं विचारत होता.