मोजा

आधी खोली मोजा, म्हणाला तापकीर गल्लीतला इनामदार,
मग सबवूफरचं बोलू.
मी मोजली. अकरा बाय चौदा,
कोपऱ्यात आगंतुक एक खांब,
एक दार, जे कधीच पूर्ण लागत नाही,
आणि खालच्या मजल्यावर खळदकर बाई.
त्या कशा मोजायच्या?

दुकानात दोन पेट्या शेजारी शेजारी,
काळ्या, एकमेकींकडे न बघणाऱ्या जावांसारख्या.
एक सगळीकडून बंद.
दुसरीच्या पोटाशी भोक, मूठ जाईल एवढं.

"बंदवालीत आतली हवाच स्प्रिंग," इनामदार म्हणाला.
"पडदा पुढे गेला की मागे ओढते,
मागे गेला की ढकलते.
ठोका पडला की पडला. त्याला शेपूट नाही.
भोकवाली त्याच हवेला कामाला जुंपते,
तेवढ्याच वॅटमध्ये दुप्पट धरणीकंप.
पण तिचा एक सूर ठरलेला.
त्याच्या खाली गेलात तर धरायला काही नाही,
पडदा नुसता फडफडतो."

आणि बंदवाली, खाली गेल्यावर?

"ती हळूहळू बोलायची थांबते. एकदम नाही."

मृदुला इतका वेळ पर्स मांडीवर घेऊन गप्प होती.
म्हणाली, "बंद पेटी आमच्याकडे आहे की एक.
सव्वीस वर्षं झाली."
इनामदार हसला नाही.
दर रविवारी ऐकत असणार.

दोन्ही आणल्या, आठवड्याच्या बोलीवर, टेम्पोनं.
पाणबुडीचा सिनेमा लावला.
बंदवालीवर प्रत्येक स्फोट नीट घडी घातलेला,
कुठे सुरू, कुठे संपला, बोट ठेवून सांगता यावं.
मी मान डोलावली. मला असंच आवडतं.

मग तार बदलली.
सोफा हलला, शोकेसमधले ग्लास कुजबुजले,
माझा चष्मा नाकावरून पाव इंच घसरला
आणि मृदुला हसली,
मोठ्यानं, टाळू दिसेपर्यंत.
एवढ्या वर्षांत हे हसू
मी कधी मोजलंच नव्हतं.

बेल वाजली.
खळदकर बाई, हातात स्टीलच्या डब्याचं झाकण.
"हे तुमच्या पाणबुडीला ओ देतंय.
तक्रार नाही. फक्त नोंद करून ठेवते."
आत आल्या, बसल्या,
पाणबुडी वर येईपर्यंत उठल्या नाहीत,
झाकण मांडीवर, दोन्ही हातांनी दाबून.

बंदवाली परत करायला गेलो तेव्हा
पावती फाडता फाडता इनामदार म्हणाला,
"रात्री दहानंतर भोकात मोजा कोंबा.
भोकवाली बंद करता येते हो,
बंदवालीला भोक पाडता येत नाही."

मी लोकरीचा घेतला, राखाडी, उजव्या पायाचा.
डावा कुठे आहे विचारू नका.
रोज दहाला कोंबतो, सकाळी काढतो.
मग पेटी माझ्यासारखी बोलते,
नीटनेटकी, जेवढ्यास तेवढं.

परवा अकरा वाजून गेले होते.
मृदुला उठली, वाकली,
मोजा ओढून काढला
आणि माझ्या मांडीवर टाकला.

खालून झाकण वाजलं.
एकदाच.