ड्युटीचा तक्ता

दोन वर्षांत चार वर्षं बसवायची आहेत आम्हाला,
म्हणूनच कुरियाकोस मॅडम कधी घाईत नसतात.
घाई, त्या म्हणतात, तुमच्या अभ्यासक्रमाला आहे,
सलाईनला नाही.

मी आधी तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटात,
नऊ वर्षं गाळ्यावर हिशोबपट्टी लिहायचे.
गोणी, वजन, तोलाई, हमाली, वजावट.
पेन्सिल कानामागे. ती सवय
युनिफॉर्मसोबत नेरूळपर्यंत आली.

काल त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला:
सर्जिकल वॉर्ड, चौतीस खाटा, अकरा नावं,
आठवड्याचा तक्ता तू कर.
नाडी मोजायला शिकलीस,
आता माणसं मांडायला शीक.

मांडली. सकाळ, दुपार, रात्र,
उभी बेरीज, आडवी बेरीज, जुळली पै न् पै.
मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.
हिशोब बरोबर. पण डॉलीचं बाळ तीन महिन्यांचं,
तिला सलग चार रात्री?
वैजयंतीला अंधारात शीर सापडते,
तिला सगळ्या सकाळी.
नवख्या दोघी एकाच रात्री. बावीस नंबरला दम लागला
तर कोण कुणाला विचारणार?

गोणीतला नासका कांदा मला न उघडता कळायचा.
थकलेलं माणूस कळलं नव्हतं.

पुन्हा बसले. खोडलं. जिथे अडलं
तिथे माझंच नाव घातलं:
बुधवार रात्र, गुरुवार रात्र, शनिवार रात्र.
मनातल्या मनात थोडी थोर झाले.

मॅडमनी खोडरबर मागितला.
माझं नाव पुसलं, तिन्ही ठिकाणी,
फुंकर मारून चुरा उडवला,
आणि त्यांच्या त्या मराठीत, जिला वॉर्डात
आता कुणी हसत नाही, म्हणाल्या,
"असा इंचार्ज फार दिवस नाही टिकते.
तू पडली की तक्ता पडते.
वर जा, एक माणूस जास्त माग.
नाही म्हणतील. उद्या परत माग. लिहून माग."

मला मागता येत नाही. गाळ्यावर आम्ही
आलेलं मोजायचो फक्त.

आज अर्ज लिहिला. साडेसात ओळी.
रंजिता घरत, आणि त्याखाली काय लिहावं कळेना.
विद्यार्थिनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
जिन्यात खाडीचा वारा, खारट, चिकट.
दुसऱ्या मजल्यावर दार अर्धं उघडं.

कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली.
मग परत होती तिथे खोचली
आणि टकटक केलं.